आजेगुरूंची वकिली

आमच्या घराण्यात, म्हणजे रक्ताच्या नव्हे, पीएच.डी.च्या घराण्यात, एक खुळी रीत आहे. आपल्याच माणसाचा युक्तिवाद खोडायचा असेल तर आधी तो लेख त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचायचा. त्याने 'पाठव' म्हटलं की मगच छापायला द्यायचा. मी भौतिकशास्त्राचं तत्त्वज्ञान शिकवते. ज्यांचं मी खोडलं होतं ते माझ्या मार्गदर्शकांचे मार्गदर्शक, माझे आजेगुरू, आणि ते तर कधीच वारले. मग त्यांच्या जागी माझे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, बसणार असं ठरलं. ठरवलं कोणी? सरांनीच.

मुद्दा साधा होता. चहा आपोआप निवतो, आपोआप तापत नाही. काळ असा एकाच दिशेने का जातो? आजेगुरूंनी ही दिशा निसर्गाच्या नियमांतूनच सिद्ध केली, अशी आमच्या घराण्याची ख्याती. मला दिसलं की जे सिद्ध करायचं तेच त्यांनी तिसऱ्या पायरीत गुपचूप गृहीत धरलंय. पन्नाशी आली होती माझी, आणि स्वतःचं म्हणावं असं हे एवढं एकच काम हातात होतं.

दर रविवारी महाराजपूरहून स्कूटर काढायची आणि चेरीतालला सरांकडे जायचं. मी वाचायची, सर डोळे मिटून ऐकायचे, आणि तिसरी पायरी आली की हात वर. "थांब. ते असते तर म्हणाले असते..." झाली वकिली सुरू! एकदा तर एका स्वल्पविरामावर दीड तास खाल्ला. डोक्याला नुसता ताप. काकू पोह्यांची बशी पुढे करत म्हणायच्या, "अहो, जाऊ द्या न आता तिले."

"काहून घाई करून राहिली?" सर मला म्हणायचे. "मेलेल्या माणसाच्या बाजूने कोण बोलन मंग? चलो, पुढच्या रविवारी पाहू."

असे सात महिने गेले. शेवटी मी कागद टेबलावर आपटले. "सर, बस झालं. ही चूक आहे की नाही, तेवढं सांगा."

सर उठले. कपाटातून आजेगुरूंचं पुस्तक काढलं, पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिसऱ्या पायरीपाशी, समासात, सरांच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे तर आधीच धरलंय.' खाली तारीख होती, मी एम.ए.ला त्यांच्या वर्गात यायच्या कितीतरी आधीची.

"ते होते तोवर विचारायची हिंमत नाही झाली," सर म्हणाले. "ते काय म्हणाले असते, तेच शोधून राहिलो होतो इतके दिवस. काही सापडत नाही. पाठव तू."

परवानगी मिळाली, पण आनंद कुठला? माझा नुसता संताप संताप झाला. आजेगुरूंचा हाच युक्तिवाद मी एम.ए.च्या पेपरात तिसऱ्या पायरीसकट जसाच्या तसा लिहिला होता, आणि सरांनी मला पैकीच्या पैकी मार्क दिले होते.