समोरच्या खोलीतला कॉम्प्युटर

“भाऊ, तुहा कॉम्प्युटर सकाळी पुन्हा आपोआप बंद पडला. अन् जराकसा वास बी येऊन राह्यला होता,” ताई फोनवर सांगत होती.

बुलढाण्याच्या आमच्या दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती. फोन खांद्यात दाबून मी एका मशीनचे स्क्रू काढत होतो.

“वास कसा?”

“जळल्यासारका. वैशाली म्हणे पंखा बी घरघर करते.”

“नवीन मशीन आहे, गरम होतं. तू एक काम कर. लाईट आली की चालू कर आणि तासभर तसाच राहू दे. किती वेळानं बंद पडतो ते सांग.”

ताई जरा वेळ काहीच बोलली नाही. मग “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

आमच्या धंद्यात याला बर्न-इन म्हणतात. मशीन सलग चालू ठेवायचं, दोष असेल तर तो आपणहून बाहेर येतो. दुकानात रोज करतो आम्ही. टेबलावर, स्वच्छ फरशीवर, समोर माणूस बसलेला असताना.

ताईचं गाव धाड या बाजारगावाच्या पुढे. भाची वैशाली बुलढाण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. कॉलेजात एका मशीनवर तिघी बसायच्या, आणि हिची पाळी येईपर्यंत एसटीची वेळ व्हायची. भाऊजी म्हणाले, घरीच घेऊ, तू म्हणशील तो. घरात कॉम्प्युटर जोडणारा सख्खा मामा असल्यावर दुसऱ्या कुणाला कोण विचारणार? मलाही उगाच मूठभर मांस चढलं. दुपारभर डोकं खाजवून मी एकेक पार्ट निवडला. रॅम, म्हणजे मशीनला एका वेळी जेवढं ध्यानात राहतं ती जागा, चांगली दुप्पट घेतली. लाईट गेल्यावर काम वाचवायला यूपीएस घेतला, कारण बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं. पोळ्यानंतर स्वतः जीपमध्ये घालून नेला आणि समोरच्या खोलीत बसवून आलो. धड प्लग तिथेच होता. खोली रिकामी होती, हवा खेळती होती. जागा बघून मी खूश झालो होतो.

फोन ठेवला तेव्हा दुकानाचे मालक रफीकभाई जवळच बसले होते. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पिंजाऱ्याचं काम, गाद्यांसाठी कापूस पिंजायचं. रफीकभाईंनी ते सोडून दुकान टाकलं होतं.

“मशीन ठेवली कुठं हाय बे त्याहीनं?”

“समोरच्या खोलीत.”

“कापूस इकला का?”

“कुठं? भाव नाही. भाऊजी थांबलेत. सगळा घरातच...”

वाक्य तोंडातच राहिलं. बीटी बियाणं नवीन होतं, झाडाला बोंडं भरपूर लागली होती, पण बाजारात भाव पडलेला. मग आमच्याकडे करतात तेच भाऊजींनी केलं होतं. भाव येईपर्यंत कापूस घरात भरला होता. समोरच्या खोलीत, आढ्यापर्यंत. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी तसल्याच ढिगावर मी झोपलोय.

“माहे अब्बा पिंजत असताना खोलीत बिडी नव्हते पेटू देत,” रफीकभाई म्हणाले. “तू तिथं इजेचा पंखा ठेवून आला. अन् आता म्हणतं, तासभर चालू ठेव!”

कॉम्प्युटरच्या मागे पत्र्याचा एक डबा असतो, एसएमपीएस. घरातली वीज मशीनला सोसेल अशी करून देणं त्याचं काम. तो तापतो, म्हणून त्याला पंखा. पंखा खोलीतली हवा ओढतो, आणि त्या खोलीच्या हवेत कापसाचे तंतू. डब्यात ते साचणार, हवा अडणार, डबा आणखी तापणार. ‘जराकसा वास’ कशाचा होता ते मला आता कळलं.

तिकडे लाईट एक वाजता यायची. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

ताईच्या घरी फोन नव्हता, ती गावातल्या एसटीडीवरून बोलली होती. मी तिथे फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. बूथवाला जेवायला गेला असणार.

“गाडी घे माही, निघ,” रफीकभाईंनी चावी फेकली.

त्या रस्त्यावर मी कधी इतका घाबरलो नव्हतो. वर्षभराचं पीक, घर, आणि माझी बहीण त्या खोलीत. आणि बटण दाबायला मीच सांगितलेलं. आकाशात कुठे धूर दिसतो का, एवढंच बघत होतो. धाडचा बाजार भरला होता. गर्दीत गाडी अडकली, मी वेड्यासारखा हॉर्न वाजवत सुटलो. तिथेच एका हॉटेलातला बंद असलेला पंखा गरगर फिरायला लागला. लाईट आली होती.

गावात पोचलो तर ताई उंबऱ्यावर बसली होती. शेजारी पाण्यानं भरलेली बादली. मला धावत येताना बघून ती उठली.

“काऊन रे? कोणाले काई झालं का?”

“चालू केलास का?”

“नाई.” ती खाली बघून म्हणाली. “राग नको येऊ देऊ भाऊ. लाईट आली, बटणापाशी गेली बी. पण हात नाई धजला. कापूस आला तवापासून मी त्या खोलीतला देवाचा दिवा बी सैपाकघरात नेला. तिथं हे गरम होनारं कसं चालू ठेवू?”

मी पायरीवर बसलो.

“मग फोनवर का नाही सांगितलंस?”

“तू शिकेल-सवरेल मानूस. तुले काय सांगू मी?”

मघाचं तिचं गप्प राहणं मला तेव्हा ऐकू आलं. ताईसमोर मी रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

वायर काढून मशीन अंगणात आणलं, डबा उघडला. आत पंख्याभोवती कापूस वातीसारखा वळला होता. एका बाजूनं तपकिरी झालेला. ताईनं तो चिमटीत धरून बघितला आणि बादलीत टाकला.

डबा बदलून, नवा प्लग काढून कॉम्प्युटर स्वयंपाकघरात बसवला, चुलीपासून दूर, देव्हाऱ्याच्या बाजूला. वैशालीचा कोर्स तिथेच पूर्ण झाला.

दुकानात नवीन मशीनच्या ऑर्डरचा एक छापील फॉर्म असायचा. पहिली ओळ प्रोसेसरची होती. रफीकभाईंनी तो नव्यानं छापून घेतला. आता पहिली ओळ आहे, ‘ठेवणार कुठे?’ आणि ती मी घरातल्या पुरुषाला विचारून भरत नाही. त्या खोलीत जी बाई दिवा लावते, आधी तिला विचारतो.