अमरेशअण्णांचं भुताटकीचं इंग्रजी

भद्रावती पेठेतल्या अमरेशअण्णांना इंग्रजी येतं, पण फक्त भुताखेतांचं. बँकेतला फॉर्म भरता येत नाही, डॉक्टरची चिठ्ठी वाचता येत नाही. पण ईरी, स्पूकी, ऑमिनस, घोस्टली, सिनिस्टर हे शब्द ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. ही विद्या त्यांनी साठीनंतर मिळवली आणि तिचा त्यांना बराच अभिमान आहे.

बत्तीस वर्षं त्यांनी पॉवरलूमवर टॉवेल विणले. चाळीस मागांच्या त्या खडखडाटात कान हळूहळू गेले. कारखान्यात त्याचं काही अडलं नाही, कारण तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. सगळे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलत. अडलं ते घरी बसल्यावर. घरातली माणसं टीव्हीकडं तोंड करून बोलतात, मग ओठ कसे वाचायचे? अण्णा सगळे हसल्यावर हसायचे, आणि थोड्या वेळानं उठून ओट्यावर जाऊन बसायचे.

मग त्यांच्या मुलीला, अपेक्षाला, पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं. भुतांच्या मालिकांमधले आवाज ऐकू न येणाऱ्यांसाठी इंग्रजीत पडद्याखाली लिहायचे. दार करकरलं, वारा घोंघावला, भीतीदायक संगीत सुरू झालं, असं सगळं.

अण्णा तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागले. प्रत्येक शब्द वहीत मराठी अक्षरांत उतरवायचा आणि समोर अर्थ. अर्थ डिक्शनरीतला नव्हे, अनुभवाचा. ऑमिनस : आता कुणीतरी मरणार. क्रीकिंग : दार. स्पूकी : काही होत नाही, मांजर निघतं. एवढी तयारी झाल्यावर ते घरात बसून मोठ्यानं भाकीत करू लागले. "आता मांजर," म्हणायचे, आणि खरंच मांजर निघायचं. बायको रत्नम्मा कपाळाला हात लावायची, पण अण्णा आता ओट्यावर जात नव्हते, याचं तिला आतून बरं वाटत होतं.

एकाच शब्दासमोरची जागा कोरी होती. ईरी. तो शब्द आला की कधी कुणी मरे, कधी कुणीच येत नसे. अण्णांना त्याचा काही नेम सापडेना.

मार्चमध्ये कंपनीनं कळवलं, ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाला एक भाग दाखवा आणि त्याचं मत सहीनिशी पाठवा. त्यावरून तिला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरेल. अपेक्षानं मत स्वतःच लिहून आणलं. सगळं छान, सगळं कळतं, फार भीती वाटली. नानांनी फक्त सही करायची होती. ती वडिलांना नाना म्हणते.

रविवारी जेवणं झाल्यावर अण्णांनी तो भाग पाहिला. गावातली पिठाची गिरणी चालू असते आणि अचानक आपोआप थांबते. खाली शब्द आले : ईरी सायलेन्स. अण्णांनी पेन खाली ठेवलं.

"हितं मी सही करणार न्हाय."

अपेक्षानं मोबाइलवर टाइप करून समोर धरलं : नाना, सही केली की मी पर्मनंट.

"कळतंय की. पण शांतता झाली असं मला काय सांगतीस? माज्याकडं ती चोवीस तास हाय. तिला मी भ्यायचं म्हंजे जेवायलाबी भ्यायला पायजे."

अपेक्षाला राग आला. वर्षभराची मेहनत एका सहीवर अडली होती आणि सही करणारा सख्खा बाप होता. तिनं तणतणत टाइप केलं : मग तुम्हीच सांगा, काय लिहू?

अण्णांनी तळपाय फरशीवर टेकवले. मग बोलले. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, शेजारच्या घरातही गेला असेल.

"माग मला पायातनं कळायचे. फरशी थरथरायची. एकदा दुपारी ती थांबली. वळून बगितलं तर समद्यांनी माग बंद केलेले, आन् चार नंबरच्या मागापाशी आपला गौस पडलेला, जीव गेलेला. मागनं पोरं म्हनली, त्यानं तुमाला दोनदा हाक मारली. मी पाठ करून धागा जोडत हुतो. अकरा वर्सं झाली, मी कुनाला बोललो न्हाय."

अपेक्षाचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं मोबाइल खाली ठेवला.

रत्नम्मा भांडी तशीच टाकून आली. नवऱ्यासमोर बसली, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं केलं आणि कारखान्यातल्यासारखं ओठ सावकाश हलवत म्हणाली, "गौसभाईंच्या बायकूनं, लालबीनं, मला तवाच सांगितलं हुतं. तुमाला ऐकू येत न्हाय हे गौसभाईंना ठावं हुतं. तरी रोज च्याला हाकच मारायचे, मग येऊन खांद्याला हात लावायचे. त्या दिवशी हाक मारली, तेवडंच जमलं."

अण्णांनी ते ओठ पुन्हा एकदा वाचायला मागितले. ती पुन्हा बोलली. मग ते लहान पोरासारखे रडले, आणि तिनं त्यांना रडू दिलं.

संध्याकाळी अपेक्षानं ती ओळ बदलली : गिरणी थांबते. पायाखालची जमीन थरथरायची थांबते. मतही तिनं नवं लिहिलं, नाना बोलले तसंच, गिरणीच्या ओळीतल्या चुकीसकट. अण्णांनी त्यावर सही केली. पंधरा दिवसांनी ती कायम झाली, आणि रत्नम्मानं पेढे आणले. दोन पेढे लालबीकडं गेले, ते अण्णा स्वतः देऊन आले.

अण्णा अजून मालिका बघतात आणि मांजराचं भाकीत करतात. वहीत आता कोरी जागा नाही. ईरीच्या समोर त्यांनी लिहिलंय : चार नंबरचा माग.