पाचवी सुपारी

पाच सुपाऱ्या मांडल्या होत्या आणि रुमालाची गाठ सोडली तर आत चारच निघाल्या. चार वस्तू मोजायला माणसाला किती वेळ लागतो? मी त्या तीनदा मोजल्या, रुमाल झटकला, कपाटाच्या कप्प्यात हात घालून कोपरे चाचपले आणि कपडे बदलायच्या खोलीत तशीच खाली फतकल मारून बसले. भिंतीपलीकडे बिस्किटांची नवी लाइन दोन तासांपासून धडधडत होती.

मी मुळात भित्री भागूबाई. माहेर जत तालुक्यातलं, दिली पलूसला. नवरा फौजेतून निवृत्त झालेला. सीमेवर आपल्याला जेवढं भ्या वाटलं नाही तेवढं हिला कुकरच्या शिट्टीचं वाटतं, असं तो पाहुण्यारावळ्यांत सांगतो आणि मोठ्यानं हसतो. अशा बाईला कारखान्यात सुपरवायझर कुणी केलं, असंही विचारतो. मालकांनी केलं. भित्रं माणूस प्रत्येक गोष्ट दहादा तपासतं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आमच्या कारखान्याचं नाव बाहेर कुणाला माहीत नसतं. बिस्किटं आम्ही भाजायची, पुडा मोठ्या कंपनीचा. पुड्याच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरांत आमचा पत्ता असतो, तेवढीच आमची ओळख. मी लागले तेव्हा एक भट्टी होती आणि पॅकिंगला वीसेक बायका होत्या. कंपनी वाढली, टीव्हीवर तिच्या जाहिराती आल्या, खेड्यातल्या टपरीवर तिच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या, आणि तिच्यामागं आम्हीही वाढलो. बायका साठाच्या वर गेल्या.

मग कंपनीनं खंडाळ्याला, हायवेला लागून, स्वतःचा अवाढव्य कारखाना उभा केला. तिथं मैद्याला माणसाचा हातच लागत नाही, असं ड्रायव्हर लोक येऊन सांगायचे. साताऱ्याकडचा आमच्यासारखाच एक कारखाना महिन्याभरात बंद झाला. कंपनी आणखी मोठी झाल्याची बातमी आली की आमच्याकडं कुणी पेढा वाटायचं नाही. आता आपला नंबर, एवढंच प्रत्येकीच्या मनात असायचं.

अशात कंपनीनं आम्हाला एक नवी लाइन चाचणीवर दिली. चाचणी नीट झाली तर काम पुढची काही वर्षं आमचं. नाही झाली तर मशीनसकट खंडाळ्याला. मालकांना मुहूर्त दसऱ्याचा हवा होता, पण कंपनीच्या साहेबांनी त्यानंतरचा सोमवार ठरवला. मालक आठवडाभर धुसफुसत होते. खंडेनवमीला विळ्याकोयत्याचीसुद्धा पूजा होते आणि एवढं मोठं मशीन आपण नुसतं बटण दाबून चालू करायचं, हे त्यांच्या जिवाला पटेना.

नियम मात्र स्पष्ट होता. बांगडी, फूल, हळदकुंकू, नारळ, यातलं काही आत न्यायचं नाही. पूजा करायची तर फाटकाजवळ. फलक दारावरच होता आणि खाली सही मालकांचीच होती.

सोमवारी सकाळी सहाला त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, सायेब आठला येत्यात. तवर आत थोडक्यात उरकून घ्या. कुणाला कळत न्हाई."

मी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मलाही ते हवंच होतं. पूजेशिवाय मशीन चालू करायचं मला त्यांच्यापेक्षा जास्त भ्या वाटत होतं. घरून निघतानाच मी पाच सुपाऱ्या रुमालात बांधून आणल्या होत्या. मधली सुपारी आमच्या घरची जुनी. बुडाला सपाट, त्यामुळं गणपती म्हणून मांडली की घरंगळत नाही. एका अंगाला उंदरानं कुरतडलेली. सासूबाई म्हणायच्या, त्याच्याच वाहनानं कुरतडली, आपण नावं ठेवणाऱ्या कोण?

मिक्सरच्या कडेच्या फळीवर पाच पानं ठेवली, पानांवर सुपाऱ्या, चिमूटभर तांदूळ. मिक्सरचं झाकण उघडंच होतं, आत मैदा-साखर पडलेली. मालकांनी डोळे मिटून हात जोडले आणि तेवढ्यात फाटकावरून फोन आला. साहेबांची गाडी दीड तास आधीच आली होती.

आमची जी धांदल उडाली! मी एका बाजूनं, मालक दुसऱ्या बाजूनं, हाताला लागेल ते उचललं. आमच्या ॲप्रनला खिसा नसतो, खिशातून काही मालात पडू नये म्हणून. मी सगळं रुमालात कोंबलं, गाठ मारली आणि धावत जाऊन कपाटात टाकलं. परत येते तो साहेब टोपी घालून आत उभे होते, मालक त्यांच्याशी हसून बोलत होते आणि मिक्सर फिरायला लागला होता.

नऊच्या चहाला मी ती गाठ सोडली, आणि हे असं.

लाइनवर लोखंड ओळखणारं यंत्र आहे. सुईचं टोक गेलं तरी ते बोंबलतं. सुपारी त्याला काय कळणार? साच्याच्या रुळाखाली तिचे तुकडे झाले असतील तर एकेक तुकडा एकेका बिस्किटात गेला असेल. माझ्या डोळ्यापुढं आली ती बहिणीची पोरगी. तीन वर्षांची, जतला असते, आमच्या बिस्किटाचा पुडा उशाशी घेऊन झोपते. बिस्कीट चावत नाही, दुधात बुडवून तसंच गिळते.

सांगावं तर नोकरी जाते, माझी एकटीची नव्हे, साठ जणींची. न सांगावं तर ती पोरगी डोळ्यापुढून हलत नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी आधी मालकांना गाठायचं ठरवून निघाले, पण ते साहेबांच्या शेजारून हलेनात. पहिला माल तर भवानी म्हणून टेम्पोत चढून जतच्या रस्त्याला लागलासुद्धा होता. पट्ट्यावरून बिस्किटांच्या रांगा येतच होत्या, पाणी वाहतं तशा. मी किती वेळ बघत राहिले ते सांगता येणार नाही. मग माझा हात लाल बटणावर गेला.

लाइन थांबली की इतकी शांतता होते की कान दुखतात. साहेब धावत आले, मागोमाग मालक. मी सांगितलं. "सायेब, मालात सुपारी गेली असंल. सकाळी मिक्सरजवळ पूजा केलती. पाच मांडल्या, चारच घावल्या."

साहेबांनी मालकांकडं पाहिलं. "आत पूजा झाली होती? तुम्हाला माहीत होतं?"

मालकांचा हात खिशाशी गेला, बहुतेक रुमालासाठी. तो तिथंच थांबला. चेहरा मैद्यासारखा पांढरा पडला होता.

"मला काई म्हाईत न्हाई, सायेब," ते म्हणाले. "या बाईनं आपल्या मनानं केलं असंल."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. भीतीनं आवाजच फुटला नाही, हे खरं कारण. आपलेच दात आणि आपलेच ओठ वगैरे मी नंतर मनाशी म्हटलं.

त्या दिवशी सगळा माल फोडला. साठ बायकांनी हातांनी बिस्किटांचा चुरा केला, चाळण्या लावून चाळला. सुपारी नाही, तिचा तुकडा नाही. चुरा गुरांच्या पेंडीसाठी गेला. टेम्पो फोनवरून परत बोलावला, पण वाटेतल्या एका दुकानात दोन खोकी उतरली होती आणि त्यातले निम्मे पुडे गिऱ्हाइकांनी नेले होते. ते कुणाच्या घरी गेले, ते देवालाच ठाऊक. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, मला दोनदा तेच तेच विचारलं आणि कुणाशी न बोलता गाडीत बसले.

निकाल यायला दिवाळी उजाडली. मी रोज सकाळी बहिणीला फोन करायची. "पोरगी बरी हाय न्हवं? खोकली न्हाई न्हवं?" तिला वाटलं मला वेड लागलं. पलूसच्या बाजारात एखादं लेकरू ठसकलं की मी भाजीची पिशवी टाकून वळायची. कारखान्यात मालकांनी मला पॅकिंगला परत बसवलं आणि माझ्याकडं बघणं सोडलं. पण खरा मार बायकांनी दिला. जेवायच्या सुट्टीत आम्ही दहाजणी एका टेबलाला डबे उघडून बसायचो, भाजी इकडून तिकडं फिरायची. आता मी गेले की बाकावर जागाच नसायची. आमच्यातली सगळ्यात थोरली बाई, जिनं मला पुडा दुमडायला शिकवलं होतं, ती एकदाच बोलली. "तुला देव देव करायचा व्हता तर घरी करायचा. आमच्या चुली कशापायी इझवल्यास?" मी नळाजवळ उभ्यानं भाकरी खायला लागले.

मालकांनी सांगितलं म्हणून केलं, हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला खरं वाटलं असतं?

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पत्र आलं. लाइन आमच्याकडंच राहणार होती. साहेबांनी म्हणे लिहिलं होतं की इथं साधी सुपरवायझरसुद्धा शंका आली तर लाइन थांबवते, आणि हे कंपनीला महत्त्वाचं वाटतं. मालक आनंदानं हरखून गेले. मला बोलावून म्हणाले, "ऑफिसात पूजा मांडा. तुमच्या हातानं."

ऑफिसातल्या छोट्या देव्हाऱ्यात चांदीची वाटी होती. हळदकुंकू त्यात असेल म्हणून मी ती उचलली. आत तांदळावर एक सुपारी बसलेली होती. बसलेली म्हणजे बसलेलीच, बुडाला सपाट. मी ती फिरवून पाहिली. उंदराचे दात मला ओळखता येतात.

राग नंतर आला. आधी एवढंच उमगलं. कुणी गिळली नाही. कुठल्याही पोराच्या घशात ती नव्हती. मी देव्हाऱ्याला धरून रडले, इतकं सुटल्यासारखं वाटलं.

मालक दारात उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. "गडबडीत मीच उचलून खिशात टाकली व्हती, बाई. सायबांनी इचारलं तवा हाताला लागली."

"मग दावायची व्हती, मालक."

"कशी दावू? फलकावर माझी सही." ते खुर्चीत बसले. "लय भ्या वाटलं गं."

एवढा मोठा माणूस, दहा वेळा गावजेवण घातलेला, आणि माझ्यासमोर माझंच वाक्य बोलत होता. मला त्याची कीव आली आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही. सुपारी मुठीत घेतली आणि बाहेर पडले. ते "बाई, ऐका" म्हणत राहिले.

बायका डबे उघडून बसल्या होत्या. मी टेबलाच्या मधोमध, चटणीच्या डबीशेजारी, सुपारी ठेवली. ती घरंगळली नाही.

थोरलीनं ती पाहिली. "कुठं व्हती?"

"मालकांच्या देव्हाऱ्यात. पूजा त्यांनीच सांगितली व्हती."

ऑफिसच्या काचेतून मालक आमच्याकडं बघत होते. एकीनं कंपनीच्या साहेबांना फोन लावला असता तर त्यांची सही, त्यांचं खोटं, सगळं उघडं पडलं असतं. आणि लाइन खंडाळ्याला गेली असती. एकेकीच्या चेहऱ्यावर ते उमगत गेलेलं मला दिसलं. ते भ्या मी चांगलं ओळखते.

थोरली सरकली. तिच्या शेजारी वीतभर जागा झाली. "बस," ती म्हणाली आणि सुपारी उचलून आपल्या डब्याखाली झाकली. "कुणी काई बघितलं न्हाई."

मी बसले. तिनं तिच्या डब्यातली भाजी माझ्या भाकरीवर वाढली, पण नजर काचेकडंच होती.