नव्या गाडीवरची एक फेरी

गेल्या रविवारी सकाळी पूजा आटोपून आम्ही दोघं नगरच्या सावेडीतल्या एका शोरूमला गेलो. आमची बारा वर्षांची मोटरसायकल देऊन दुसऱ्या कंपनीची नवी घ्यायची का, ते एकदाचं ठरवायला...

आम्ही राहतो नागापूरला, आमचे हे तिथेच एका कंपनीत फिटर आहेत. पण सुट्टी जोडून आली की बॅगा बांधून तयार. याच गाडीवर आम्ही तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, वणी, सगळ्या देवींची दर्शनं केली. अष्टविनायक तर दोनदा. मी दहावी शिकलेली बाई, लग्नाआधी नगरच्या पुढे गेले नव्हते. आता माहूरगडाचा रस्ता कुठे वळतो ते मला विचारा.

यंदा कार्तिकी एकादशी झाली की नर्मदा परिक्रमेला निघायचं ठरलंय. गाडीवरच, दोघंच. पंधरा-वीस दिवस मैयाला उजव्या हाताला ठेवून जायचं. मध्ये जंगलं, कच्चे रस्ते... तिथे गाडी रुसून बसली तर करायचं काय, ही काळजी होतीच.

धाकटे दीर तर महिनाभर पाठीमागे लागले होते. "वहिनी, त्या म्हातारीला आता पेन्शनवर पाठवा. दादा लाजतोय सांगायला."

मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या लग्नातला मिक्सर अजून चटणी वाटतो. परवा दोनदा मागून घेतलीत, ती त्यातलीच."

खरं सांगते, चालती वस्तू काढून टाकायला माझं मन होत नाही. पण ह्यांचं काय? मोबाईलवर त्या नव्या गाडीचे व्हिडिओ बघत बसायचे आणि मी चहा घेऊन आले की पटकन बंद करायचे. पंचावन्नाव्या वर्षी माणसाने स्वतःसाठी एक गोष्ट मागावी, तीही तोंडाने नाही... आत्ता नाही घेतली तर मग कधी घेणार?

देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकाव्यात असं मनात आलं होतं. पण 'गाडी बदला' अशी चिठ्ठी निघाली असती तर मानावी लागली असती, म्हणून टाकल्याच नाहीत. देवाने समजून घ्यावं. शेवटी मनाशी ठरवलं, ह्यांना आवडली तर आपण नाही म्हणायचं नाही.

शोरूमच्या मॅडमनी आधी आमची गाडी बघितली. चांगलं वाकून इंजिनाखाली बघितलं, तेलाचा एक थेंब नाही. "काका, बारा वर्षांची वाटत नाही हो." हे नुसते हसले. मला मात्र शाळेत आपल्या लेकीचं कौतुक ऐकावं तसं झालं.

मग टेस्ट राईड. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही पण बसा. लांबच्या प्रवासात मागे तुम्हीच असणार ना."

मागची सीट भलतीच उंच. पंजाबी ड्रेस घातला होता तरी चढताना मॅडमचा खांदा धरावा लागला. त्यात सीटला पुढे उतार, ब्रेक लागला की मी थेट ह्यांच्या पाठीवर. म्हणून मागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

मनमाड रोडला गाडी काय पळाली म्हणून सांगू... हादरा नाही, धडधड नाही. आरशात ह्यांचे डोळे दिसत होते. असे हसरे डोळे मी बऱ्याच दिवसांनी बघितले.

"कसं वाटतंय?"

"छान आहे. घ्या तुम्ही," मी म्हटलं. पहिलं वाक्य खोटं होतं, दुसरं अगदी मनापासून.

थोडं पुढे जाऊन ह्यांनी गाडी कडेला घेतली. हेल्मेटची काच वर केली आणि विचारलं, "जप का बंद केलास?"

मला काही कळेना. गाडीवर मी जप करते हे खरं. पण माळ बाहेर काढत नाही, ओठसुद्धा हलवत नाही. उजवा हात ह्यांच्या खांद्यावर टेकवायचा आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजायचं, एवढंच. हे मी कधी कुणाला बोललेही नव्हते.

"तुम्हाला काय माहीत माझा जप?"

"बारा वर्षं खांद्यावर चाललाय, न कळायला काय झालं? तुझा अंगठा थांबला की मी समजतो, ही घाबरली नाहीतर डुलकी लागली. मग गाडी हळू घेतो. आज शोरूमपासून काहीच नाही. किती पळवावी तेच कळेना मला."

घाटात गाडी आपोआप हळू व्हायची, तेव्हा मला वाटायचं की रस्ता वाईट असेल...

तरी म्हटलं, "आठ दिवसांत सवय होईल मला या सीटची."

"तुला होईल गं. मला नाही व्हायची."

झालं. परत येऊन ह्यांनी चावी मॅडमच्या हातात दिली. "आवडली नाही का काका?" त्यांनी विचारलं. "लई आवडली. पण आमच्या दोघांची नाही ती," हे म्हणाले, आणि बाहेर येऊन आपल्या गाडीला किक मारली. एका किकमध्ये सुरू.

आता दोन्ही टायर, चेन आणि क्लचप्लेटा नव्या पडणार आहेत. इंजिन हे स्वतःच्या हाताने उघडून बघणार आहेत. भाऊजींना अजून सांगितलं नाही, पण सांगताना माझी मान ताठ असेल एवढं नक्की.

येताना नेहमीसारखा हात खांद्यावर ठेवला, पण जप काही सुरू होईना. इतकी वर्षं मला वाटायचं, हा हिशेब फक्त देवाकडे आहे... आणि ह्या माणसाने गाडी चालवता चालवता तो ठेवला होता. एक शब्द न बोलता. देवा, माझी काही तक्रार नाही.

नागापूर जवळ आलं तेव्हा कुठे अंगठा हलला. मग मुद्दामच जरा भरभर फिरवला... गाडीने लगेच वेग घेतला.