माहेरचा मिक्सर आणि माझी बादली

फ्यूज माझ्यामुळे उडाला होता. एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला चार वर्षं लागली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी थोरल्या भावाने जुना टेम्पो घेतला. अंबडच्या एका वर्कशॉपमधून त्यात झोपण्यापुरती बाकडी, छोटा ओटा, पंखा आणि विजेचा बोर्ड बसवून घेतला. मे महिन्यात आम्ही घरची सगळी त्यात बसून कळवणला, भावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात जायचो. आंब्याखाली टेम्पो लावायचा आणि चार दिवस नुसती मजा. वीज त्यांच्या घरातून, एका वायरीवर. शेतकरीदादांनी आल्या आल्या बजावलं होतं, "एका टायमाला एकच चालवा बरं. तार लय बारीक हे."

मी कारखान्यात वायरमन. त्यामुळे लोड म्हणजे काय, हे सगळ्यांना समजावायचं काम माझ्याकडे. मिक्सर लावायचा तर पंखा बंद, दिवा बंद. आई म्हणायची, "हा इथंही ड्युटीवरच आलाय!"

पहिल्याच वर्षी, दुसऱ्या सकाळी, मला गरम पाण्याने अंघोळ करायची हुक्की आली. चुलीवरच्या पाण्याला रांग होती. मी गुपचूप टेम्पोमागे बादली ठेवून पाणी तापवायचा रॉड लावला. तेवढ्यात वहिनीने ओट्यावर चटणीसाठी मिक्सर फिरवला. फट्! शेतकऱ्याच्या घरातला रेडिओसुद्धा गाणं अर्धवट टाकून गप्प झाला.

वहिनीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मिक्सर तिच्या वडिलांनी दिलेला.

"सूनबाई, माहेरचा मिक्सर भलताच दमदार गं!" आई म्हणाली. सगळे खदखदून हसले. वहिनीही हसली, पण मिक्सर पुसून लगेच खोक्यात ठेवला. मी रॉड टॉवेलात गुंडाळून लपवला, फ्यूजला नवी तार घातली आणि वर शाबासकीही घेतली.

त्यानंतर मळ्यावर तो मिक्सर कधी आला नाही. वहिनी शेतकऱ्याच्या पाट्यावर चटणी वाटायची. चटणी इतकी झकास व्हायची, की भाकरी कमी पडायच्या. मला मात्र तिचे लाल झालेले हात दिसायचे.

पाचव्या वर्षी वहिनीचे वडीलही आमच्याबरोबर आले; मी त्यांना काका म्हणायचो. आंबे चोखता चोखता आईने तो किस्सा रंगवून सांगितला. "व्याहीबुवा, तुमच्या मिक्सरने अख्खा मळा बंद पाडला होता!"

सगळे हसले. काका हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "आम्ही तर चांगला पारखून घेतला होता हो."

हातातला आंबा मी खाली ठेवला. मी उठलो आणि बादलीसकट सगळं सांगून टाकलं. मग भावाने पाठीत गुद्दा घातला, "वायरमन म्हणे!" आणि आंब्याखाली असा हशा उसळला, की शेतकरीदादा घरातून धावत आले.

वहिनी कमरेवर हात ठेवून उभी. "चार वर्षं वाटतेय मी पाट्यावर, भाऊजी!"

मी आधी काकांच्या पाया पडलो. "काका, तुमचा मिक्सर चांगलाच होता." मग वहिनीकडे वळून हात जोडले. "वहिनी, चूक माझी होती आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. मला माफ करा."