धोटेभाऊंचा कॉम्प्युटरचा चष्मा

एका हापिसात जन्म काढला की किस्से आपोआप साचतात, कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर धूळ साचते तसे. आमच्या बिलिंग सेक्शनमधले निम्मे तर एकाच वर्षातले आहेत. त्या वर्षी आमच्याकडे कॉम्प्युटर आले, आणि आम्ही सगळेच चाळिशीचा चष्मा लावणारे!

*

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवघरात जावं तसं. आमचे चष्मे बायफोकल. वरच्या काचेतून पडदा धूसर, खालच्या काचेतून पाहायचं तर हनुवटी वर. पहिल्याच दिवशी साहेब आत आले. अख्खा सेक्शन हनुवट्या वर करून बसलेला. तेही वर बघायला लागले आणि म्हणाले, "छत गळतं का?"

*

धोटेभाऊ आमचे सगळ्यांत जुने टायपिस्ट. माणूस गायीसारखा, पण साहेबांना जाम भ्यायचे. साहेबांच्या कपाळावर आठी दिसली की यांची बोटं लटपटलीच. मान आखडायला लागली तेव्हा त्यांनी खुर्चीवर फायली रचल्या आणि उंच होऊन बसले. दोन दिवस मजेत गेले. मग साहेबांनी एका फायलीसाठी हापिस पालथं घातलं. ती धोटेभाऊंच्या खाली निघाली.

साहेब भडकले. सोमवारी कॉम्प्युटरवर टायपिंगची परीक्षा घेतो, चुका झाल्या तर बदली बाहेरगावी, खाप्याला, असं सगळ्यांसमोर सुनावलं. धोटेभाऊंचा चेहराच उतरला. घरी आई अंथरुणाला खिळलेली, दुपारच्या सुट्टीत जाऊन तेच तिला भरवायचे. आम्हाला फार वाईट वाटलं.

*

आमच्या सेक्शनमधली कुसुमताई आणि मी त्यांना सीताबर्डीला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं पेपर दिला. धोटेभाऊंनी राशिभविष्यापर्यंत घडाघडा वाचला. नंबर बरोबर आहे म्हणे!

कुसुमताई म्हणाली, "अहो, ते कॉम्प्युटर मांडीवर घेऊन नाही बसत."

मग पडदा किती लांब असतो, हे दुकानदारानं विचारलं. धोटेभाऊ काउंटरवर बोटं ठेवून खोटंखोटंच टाइप करायला बसले आणि कुसुमताईला पेपर धरून समोर उभं केलं. "मागे सरक वं. अजून जरा. हां, तो इथंच असते." बाकीची गिऱ्हाइकं आपले चष्मे विसरून बघत होती. तेवढ्या अंतरावरचं साफ दिसेपर्यंत दुकानदारानं काचा बदलून पाहिल्या आणि फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा बनवला. मधे रेघ नाही, काही नाही.

*

सोमवारी साहेब कॉम्प्युटरच्या मागे खुर्ची टाकून बसले, धोटेभाऊंच्या थेट समोर. कपाळावर अशा आठ्या की मीच नजर खाली घातली. धोटेभाऊ मात्र मान सरळ ठेवून शांतपणे टाइप करत राहिले. एक चूक निघाली नाही. बदली टळली. मला तर रडूच आलं.

साहेबांनाही नवल वाटलं. "धोटे, आज घाबरला नाहीत?"

"नाही साहेब," धोटेभाऊ म्हणाले. "या चष्म्यातून मले पडदा एकदम साफ दिसते. त्याच्या मागचं काहीच दिसून नाही राहिलं."