अंधारातले मूग

रुजणाऱ्या दाण्यापाशी दिवा हवाच, हे गंगाकाकूंना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नवरात्रात घटाशी रुजवण घालायची आणि समई विझू द्यायची नाही, हे रत्नागिरीतल्या त्यांच्या घराचं वळणच. म्हणून माडीवर भाड्याने राहणाऱ्या शमिकाने मागच्या काळोख्या खोलीत मूग रुजत घातले, तेव्हा काकू फडकं बाजूला सारून तिथे मायेने दिवा लावू लागल्या. त्यांचा मुलगा गौरव बोटीवर, इंजिनखोलीत. त्याला कुठे ऊन दिसतं?

शमिका मूग न्यायला आली तर कोंबांच्या शेंड्यांना हिरवट झाक. हे मूग वाया गेले होते. तिच्या कामाचं कॉलेजातलं यंत्र सोमवारीच मोकळं होतं. त्याआधी आता एकदाच मूग रुजवता येणार होते. तेही बिघडले तर पीएचडी लांबली.

"रुजतंय ते. काळोखात एकटं ठेवायचं कसं गो?"

पोरगी रागावली नाही, तेच काकूंना लागलं. उजेडाने पानांत हिरवे कण भरतात, तिने समजावलं, आणि तिला हवे होते नुसते श्वासाचे कण, मायटोकॉन्ड्रिया; कोंबांना ऊब येते ती त्यांच्यामुळेच. कणातल्या श्वासाच्या यंत्राचे बरेच भाग बाहेर घडतात, वाट दाखवणारा देठ घेऊन आत येतात, मग तो देठ कापला जातो. प्राण्यांत कापणारा वेगळा असतो. झाडांत तो श्वासाच्या यंत्रातच बसलेला.

"म्हणजे श्वास घेणारीच विळीवर बसलेली."

"अगदी तसंच, काकू."

नवे मूग पातेल्यासकट भाताच्या रिकाम्या कोठीत गेले. दुपारी काकू कोठीला पाठ टेकून बसत. डोळा लागे आणि आतल्या गच्च काळोखात बायाच बाया दिसत, विळ्या मांडून बसलेल्या. श्वास घ्यावा, देठ खुडावा, श्वास घ्यावा. कुणालाच भीती नव्हती. जाग आली की काकूंचा हात झाकणावर असे. त्या तो हळूच काढून घेत.

सोमवारी सकाळी शमिकाने पातेलं काळ्या फडक्यात बांधलं. काकूंची नजर फडक्यावरून हलेना.

"बघायचेत? पटकन बघा."

काकूंनी हात पुढे केला आणि गाठ आणखी आवळली.

"नको. उजेड लागेल. आल्यावर सांग, कसे दिसत होते."

ती गेल्यावर त्यांनी कोठीत हात घातला. पातेल्याखालचं तरट अजून कोमट होतं.